एक नाव, अनेक धनी

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत 'विषारी प्राणी' या विषयावर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करणाऱ्या माणसाला साप-विंचवांबद्दल जे थोडेफार ठाऊक असते, ते आम्ही सांगितले. महाडच्या डॉक्टर बावस्करांचे विंचूदंशावरचे काम सांगितले तेव्हा मुलांचे चेहरे उजळले. आपल्या गावचे नाव पाहुण्याच्या तोंडून आले की आनंद होतोच. मग प्रश्नांची वेळ आली. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, न्यूटनचे नियम आहेत, आर्किमिडीजचे तत्त्व आहे, पाश्चरच्या नावाने दूध तापवतात. मग आमच्या महाडच्या डॉक्टरांच्या नावाने काय आहे?"

खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर देता आले नाही. "त्यांच्या कामाला जगभर मान आहे," असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. आमचेही झाले नव्हते. हा लेख म्हणजे तिला उशिराने दिलेले उत्तर आहे.

ट्रेंडेलेनबर्ग किती?

वैद्यकशास्त्र हे माणसांच्या नावांनी गच्च भरलेले शास्त्र आहे. रोग ओळखण्याच्या खुणा, एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचे समूह, तपासण्या, शस्त्रक्रिया, उपकरणे, शरीराचे लहानमोठे भाग, या सगळ्यांना कोणा ना कोणा डॉक्टरचे नाव चिकटलेले असते. भौतिकशास्त्रातही व्यक्तिनामे आहेत. पण तिथे न्यूटनचा पहिला नियम, दुसरा नियम असे क्रमांक तरी असतात. वैद्यकात तशी सोय नाही.

फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग (१८४४–१९२४) या जर्मन शल्यविशारदाचे उदाहरण घेऊ. ओटीपोटातली शस्त्रक्रिया करताना आतडी मध्ये येतात. म्हणून रोग्याला उताणे झोपवून टेबल डोक्याकडे उतरते करायचे, म्हणजे आतडी छातीच्या बाजूला सरकतात आणि शल्यविशारदाला काम करायला जागा मिळते. ही झाली 'ट्रेंडेलेनबर्गची स्थिती'. आता दुसरे. रोग्याला एका पायावर उभे राहायला सांगायचे. खुब्याचे स्नायू धड असतील तर उचललेल्या पायाकडची कंबर वर राहते. उभ्या पायाच्या खुब्याचे स्नायू दुबळे असतील तर ती खाली झुकते. हे १८९५ मध्ये वर्णन केलेले 'ट्रेंडेलेनबर्गचे चिन्ह'. असा रोगी चालताना जो झोक घेतो, ती 'ट्रेंडेलेनबर्गची चाल'. पायाच्या शिरा फुगल्या असतील तर पाय उंच करून त्या रिकाम्या करायच्या, वर पट्टा बांधायचा, रोग्याला उभे करायचे आणि शिरा कशा भरतात ते पाहायचे. ही 'ट्रेंडेलेनबर्गची तपासणी'. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गाठ छाती उघडून काढण्याचा प्रयत्न त्यांनी १९०८ मध्ये केला, ती 'ट्रेंडेलेनबर्गची शस्त्रक्रिया'. त्यांचे स्वतःचे रोगी त्यातून वाचले नाहीत. पहिले यश १९२४ मध्ये त्यांचे शिष्य मार्टिन किर्शनर यांना मिळाले.

एक खुबा, एक शीर, एक फुप्फुस आणि एक टेबल. यांचा एकमेकांशी संबंध काय? फक्त एका माणसाचा. विद्यार्थ्याने 'ट्रेंडेलेनबर्ग' एवढाच शब्द ऐकला तर त्याला काहीच कळत नाही. पुढचा शब्द चिन्ह आहे, तपासणी आहे की शस्त्रक्रिया आहे, यावर सगळे अवलंबून.

पॅरिसचे झां-मार्तां शार्को (१८२५–१८९३) यांच्या बाबतीत तर पुढचा शब्दही पुरत नाही. 'शार्कोचे त्रिक' म्हणजे तीन लक्षणांचा गट. पण कोणते त्रिक? थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे, हे एक. ते पित्तनलिकेच्या संसर्गाचे. डोळ्यांची थरथर, एखादी वस्तू घ्यायला जाताना हाताला सुटणारा कंप आणि तुटक तुटक बोलणे, हे दुसरे. ते मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगाचे. दोन्ही शार्कोंचीच, दोन्ही 'त्रिक'च. पोटाचा डॉक्टर एक समजतो, मेंदूचा डॉक्टर दुसरे.

आणि कधीकधी आडनाव एक, माणसे दोन असाही प्रकार असतो. मुलींमध्ये एक्स गुणसूत्र कमी असल्याने होणारा टर्नर सिंड्रोम अमेरिकेच्या हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये वर्णन केला. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात कुशीवर दिसणारे काळेनिळे डाग म्हणजे ग्रे टर्नर यांचे चिन्ह. हे ग्रे टर्नर इंग्लंडचे शल्यविशारद. त्यांनी ते १९२० मध्ये नोंदवले. दोन्ही टर्नरांचा एकमेकांशी संबंध नाही.

शिरोडकरांचा टाका

ही सगळी नावे परदेशी आहेत म्हणून मुलीने विचारले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्याकडचेही एक नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत रोज उच्चारले जाते, ते म्हणजे शिरोडकर.

विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत नीट वाढतो आणि मग काही कळ नाही, दुखणे नाही, असा पडून जातो. पुन्हा दिवस राहिले की पुन्हा तेच. अशा कित्येक स्त्रियांच्या पदरी घरादाराचे बोल येत. शिरोडकरांनी मांडले ते असे, की यातल्या काही जणींमध्ये गर्भाशयाचे मुख दुबळे असते. गर्भाचे वजन वाढले की ते वेळेआधीच उघडते. पिशवीचे तोंड सैल असेल तर काय करतात? नाडीने आवळतात. शिरोडकरांनी गर्भाशयमुखाभोवती तशीच नाडी ओवली. त्यासाठी त्यांनी सुरुवातीला रोगिणीच्याच मांडीच्या स्नायूंवर असणाऱ्या चिवट पडद्याची पट्टी वापरली. दिवस भरत आले की टाका काढायचा किंवा पोटावाटे प्रसूती करायची. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये 'अँटिसेप्टिक' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

१९५७ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपा टाका सुचवला. आज दोन्ही नावे शेजारी शेजारी शिकवली जातात आणि इथे व्यक्तिनामाचा खरा उपयोग दिसतो. 'गर्भाशयमुखाचा टाका' एवढे म्हटले तर कोणता ते कळत नाही. 'शिरोडकर' म्हटले की टाका खोलवर आहे, त्यासाठी आधी मूत्राशय थोडे वर सरकवावे लागते, हे सगळे एका शब्दात कळते. नाव इथे मोठ्या वाक्याचे काम करते.

पण शिरोडकरांनी एवढ्यावर थांबावे ना! अंग बाहेर येण्याच्या विकारावर त्यांनी गर्भाशयाला पट्टीने आधार देण्याची शस्त्रक्रिया योजली, ती 'शिरोडकरांची झोळी'. त्याच विकारावरच्या जुन्या मँचेस्टर शस्त्रक्रियेत त्यांनी बदल केला, तोही शिरोडकरांच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे आमचे शिरोडकरही थोडेसे ट्रेंडेलेनबर्ग झालेच.

नाव माणसाचेच असते असे नाही. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या ब्रिटिश साप्ताहिकात एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. या गटाच्या माणसांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटात असणारा एच हा पदार्थही नाही. त्यामुळे त्यांना ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. या गटाला जग 'बाँबे रक्तगट' म्हणते. शोधणाऱ्याऐवजी शहराचे नाव लागले. शहराचे नाव पुढे बदलले, तरी रक्तगटाचे तेच राहिले.

महाडमध्ये काय घडले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सावित्रीच्या खोऱ्यातले महाड, त्याच्या पुढे घाटांच्या पायथ्याशी पोलादपूर. एका बाजूला कशेडीचा घाट, दुसरीकडे महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट. भाताची खाचरे, पेंढ्याच्या उडव्या, कौलारू घरे, लाकूडफाटा, गोवऱ्यांचे ढीग. ही सगळी लाल विंचवाची आवडती ठिकाणे. हा विंचू आकाराने लहान, पण भारतातल्या विंचवांत सर्वांत घातक. त्याच्या शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये त्याचे वर्णन केले. नंतर त्याचे प्रजातिनाम बदलत गेले. आधी ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आणि आता हॉटेनटोटा टॅम्युलस. १९०० मध्ये पोकॉक यांनी इकडच्या विंचवाला 'कोंकणेन्सिस' असे वेगळे उपजातिनामही दिले होते. म्हणजे कोकणाचे नाव लागले होते, पण ते विंचवाला!

विंचू चावला की मांत्रिकाकडे न्यायचे ही जुनी रीत. मांत्रिक विंचू 'उतरवत' असे आणि बहुतेकांचा उतरतही असे. शिक्षकांनी हे मुलांपुढे जरूर मांडावे, कारण यात विज्ञानाचा एक मोठा धडा आहे. बहुतेक विंचूदंशांत फक्त जीवघेण्या वेदना होतात आणि काही तासांनी त्या आपोआप ओसरतात. मंत्र म्हटला तरी ओसरतात, न म्हटला तरी ओसरतात. मंत्र न म्हटलेल्या लोकांशी तुलना केल्याशिवाय मंत्राचा गुण कळणार नाही. पण काहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, विष शरीरभर पसरते. मूल ओकते, घामाने निथळते, हातपाय गार पडतात, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून ते दगावते. १९६१ मध्ये मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरत असल्याचे लिहिले होते. तरी खात्रीचा उपाय नव्हता. फुप्फुसात पाणी भरलेल्या अशा रोग्यांपैकी २५ ते ३० टक्के दगावत.

१९७६ मध्ये हिंमतराव साळुबा बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा नागपूरला एम.बी.बी.एस. झालेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठी उपकरणे नव्हती. पण एक गोष्ट होती, जी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नव्हती. विंचू चावल्यावर लगेच येणारे रोगी. बावस्कर त्यांच्या खाटेपाशी बसून राहत आणि दर थोड्या वेळाने नोंदी करत: नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, कधी ऊब आली.

या नोंदींतून एक चित्र उभे राहिले. ज्यांना पुढे हृदयाचा त्रास होतो त्यांच्यात सुरुवातीलाच काही खुणा दिसतात: उलट्या, दरदरून घाम, मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाला येणारी ताठरता आणि गार पडलेले हातपाय. १९८२ मध्ये ही धोक्याची पूर्वचिन्हे त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. थर्मामीटर नाही, कार्डिओग्राम नाही. आईने मुलाच्या तळव्याला हात लावून पाहावे, इतकी साधी ही तपासणी आहे.

हातपाय गार का पडतात?

विंचवाच्या विषातली लहान प्रथिने चेतापेशींच्या सोडियम वाहिन्यांवर काम करतात. चेतातंतूतून संदेश जाताना या वाहिन्या क्षणभर उघडतात आणि मिटतात. विषामुळे त्या मिटायला उशीर होतो आणि चेतातंतू संदेशांमागून संदेश सोडत राहतो. आपल्या इच्छेविना चालणारी स्वायत्त चेतासंस्था त्यामुळे खवळते. आधी थोडा वेळ परानुकंपी भागाचा जोर असतो. तेव्हा उलट्या, लाळ, घाम दिसतात. मग अनुकंपी भागाचा जोर येतो आणि तो बराच टिकतो. अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात ओतली जातात. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरच्या अल्फा नावाच्या ग्राहींना चिकटतात, वाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. हातापायांकडे रक्त पोहोचत नाही म्हणून ते गार. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसात पाणी उतरते.

चित्र असे स्पष्ट झाले की उपाय कुठे शोधायचा तेही कळते. अल्फा ग्राहींवर आधीच कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. १९७० च्या दशकात रक्तदाबावर प्राझोसिन नावाचे औषध वापरात आले होते, ते नेमके हेच काम करते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम.डी. करून बावस्कर पुन्हा महाडला आले आणि त्यांनी १९८४ च्या सुमारास विंचूदंशावर प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याला आडवे ठेवून, हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत साधारण दर तीन तासांनी ती द्यायची. फुप्फुसात पाणी भरलेल्या रोग्यांपैकी जिथे चौथा हिस्सा वा त्याहून अधिक जात होते, तिथे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस मिळू लागली. तेव्हा याच दांपत्याने स्वतःच्या उपायाचीच परीक्षा घेतली. ७० रोग्यांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले रोगी पहिल्या गटात ८ होते, दुसऱ्यात ३२. हा निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या औषधाने आपले नाव झाले, त्याच्याहून सरस उपाय आहे असे स्वतःच तपासून जाहीर करणे, हे आम्हाला या सगळ्या कथेतले सर्वांत मोलाचे पान वाटते. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

मग नाव का नाही?

आता मुलीचा प्रश्न पुन्हा वाचू. 'बावस्कर चिन्ह' किंवा 'बावस्कर उपचार' असे का नाही?

पहिले कारण असे, की नाव शोधणारा ठेवत नाही. ते मागाहून दुसरे ठेवतात: शिष्य, पाठ्यपुस्तकांचे लेखक, परीक्षेचे प्रश्न काढणारे. ट्रेंडेलेनबर्गांच्या टेबलाची कीर्ती त्यांचा शिष्य विली मायर याने पसरवली. मोठ्या विद्यापीठात शिष्यांच्या पिढ्या असतात. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात शिष्य कुठले?

दुसरे कारण काळाचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाने व्यक्तिनामे ठेवण्याचा हात आखडता घेतला. काही जुनी नावे तर काढून टाकली. रायटर यांचे नाव एका सांधेदुखीला होते. नाझी काळातली त्यांची कृत्ये पुढे आली आणि डॉक्टरांनी 'रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस' असे साधे वर्णनपर नाव पत्करले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की नव्या रोगांना माणसांची, गावांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत. म्हणजे आज 'बाँबे' हे नावही कदाचित मिळाले नसते.

तिसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. समजा, नाव दिलेच असते. तर 'बावस्कर' म्हणजे काय? १९८२ ची पूर्वचिन्हे, १९८६ चे प्राझोसिन, की २०११ चे प्राझोसिन आणि लस? एकाच नावाखाली एक चिन्हसमूह आणि दोन वेगळे उपचार आले असते. एखाद्या डॉक्टरने जुन्या पुस्तकात 'बावस्कर उपचार' वाचून फक्त गोळी दिली असती आणि लस मागवली नसती तर? शिवाय बावस्कर म्हणजे कोणते, हिंमतराव की प्रमोदिनी? टर्नरांसारखाच घोटाळा. इथे तो घोटाळा परीक्षेतल्या दोन गुणांचा नव्हता. रात्री घाट उतरून आणलेल्या मुलाच्या जिवाचा होता.

याउलट 'गार हातपाय' हे नाव पाहा. त्यात कोणाचे नाव नाही. पण ते ऐकताच काय पाहायचे ते कळते, आणि डॉक्टर नसलेल्यालाही कळते.

तरीही नावाची ओढ खोटी नाही. पोलादपूरच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासाचे अभ्यासक दाखवतात की १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतही 'सिंहगड' हे नाव आढळते. म्हणून तानाजींचे शौर्य कमी होते का? मुळीच नाही. लोकांनी नावाला गोष्ट जोडली, कारण गोष्ट लक्षात ठेवायला नावाची खुंटी लागते. विज्ञानातही तेच होते. संख्याशास्त्रज्ञ स्टीफन स्टिग्लर यांनी १९८० मध्ये गमतीने एक नियम मांडला: कोणत्याही शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव नसते. आणि हा नियमही आपला नसून समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा आहे, असे त्यांनीच सांगून टाकले!

तेव्हा नाव ही पावती नव्हे. नाव ही खुंटी आहे. शिरोडकरांच्या टाक्याला ती उपयोगी पडली, कारण दोन टाक्यांत फरक करायचा होता. शार्कोंच्या त्रिकांना ती अडचणीची झाली, कारण एकाच खुंटीवर दोन अंगरखे टांगले गेले. महाडच्या कामाला खुंटी मिळाली नाही. म्हणून ते विसरले जाण्याचा धोका आहे हे मात्र खरे, आणि तो टाळण्याचे काम आपले, शिक्षकांचे आहे.

वर्गात काय करता येईल?

एक. आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतली सगळी व्यक्तिनामे मुलांना काढायला सांगा. त्यांचे तीन गट करा: नावावरून काही अर्थबोध होतो अशी, होत नाही अशी, आणि एकच नाव दोन गोष्टींना आहे अशी. न्यूटन आणि पास्कल ही नावे नियमांनाही आहेत आणि एककांनाही, हे मुले पटकन शोधतील.

दोन. एखाद्या नावाऐवजी वर्णनपर नाव सुचवायला सांगा. ते किती लांब होते ते पाहा. व्यक्तिनाम का टिकते, हे त्यांना आपोआप कळेल.

तीन. विंचवाचा धडा मात्र नाव न घेताही पाठ झाला पाहिजे. विंचू चावलेल्या जागी चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये. किती वाजता चावला ते लक्षात ठेवावे. वेदना किती आहेत यावरून धोका ठरत नाही. उलटी झाली, घाम सुटला, तळहात-तळपाय गार लागले तर एक क्षणही न दवडता मुलाला आडवे ठेवून जवळच्या रुग्णालयात न्यावे. औषध मनाने देऊ नये. ते डॉक्टरांचे काम.

त्या मुलीला आज आम्ही असे सांगू: बाई, तुझ्या महाडच्या डॉक्टरांच्या नावाने काही नाही. पण विंचू चावलेल्या मुलाचा हात कोणी हातात घेऊन तो गार आहे का ते पाहिले, तर ती तपासणी तुझ्या तालुक्यांतल्या माणसांच्या खाटांपाशी बसून शिकलेली आहे. ती तुलाही करता येते. आजच घरी जाऊन आईला शिकव.